ऑपरेशनमध्ये कोण वाजत होतं

ताईंना इस्पितळात सगळेच ताई म्हणत, आणि त्याला कारण त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. तो छातीचा सर्जन, त्या भूलतज्ज्ञ. कित्येक वर्षं दोघं एकाच थिएटरात, एकाच पेशंटच्या दोन बाजूंना उभे राहत आले होते. तो सुरुवातीपासून "ताई, टेबल जरा वर घे" असं म्हणायचा. ते ऐकून सिस्टर ताई म्हणायला लागल्या, मग वॉर्डमधली माणसं, मग लिफ्टवाला. शेवटी वयाने वडिलांसारखे असलेले मोठे डॉक्टरसुद्धा भर मीटिंगमध्ये "यावर ताईंचं काय म्हणणं" असं विचारून मोकळे झाले. ताईंनी त्यावर हरकत घेतली नाही. घेऊन उपयोगही नव्हता.

भावाचं घरचं नाव पिल्लू. सहा फूट उंची, दारातून जाताना मान खाली घालावी लागे, तरी पिल्लू. ताई थिएटरात त्याला कटाक्षाने "डॉक्टर" म्हणत. पण काही बिनसलं की जिभेला लागलेली सवय वर यायची. त्यामुळे ताईंच्या तोंडून "पिल्लू" निघालं की सिस्टर पुढचं ऐकायला थांबत नसत. रक्त-पाणी ओढून घेणारी सक्शनची नळी हातात घेऊन तयार राहत.

त्या आठवड्यात पिल्लूने थिएटरात घालायला नव्या चपला घेतल्या होत्या. भडक केशरी, वरून भोकंभोकं असलेल्या, मऊ रबराच्या. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात म्हणून त्याने भरपूर शोधाशोध करून त्या मागवल्या होत्या. पायांना आराम होता यात वाद नाही. फक्त त्या वाजायच्या. एक पाऊल टाकलं की चुई, दुसरं टाकलं की चुई. तो कॉरिडॉरच्या टोकाला असला तरी थिएटरात कळायचं की डॉक्टर आले.

"नवीन आहेत, वापरून वापरून आवाज बसेल," तो म्हणायचा.

"तोवर आमचं डोकं उठेल," असं सिस्टर म्हणायच्या, पण पाठ वळल्यावर.

त्या दिवशीचे पेशंट म्हणजे बदकवाले काका. रबरी खेळण्यांचा त्यांचा कारखाना होता. आंघोळीच्या टबात सोडायची पिवळी बदकं, दाबली की वाजणारे बेडूक, ससे, गाजरं. काका स्वतः तिथे बसून माल तपासायचे. खेळण्याच्या पोटात बसवायची ती बारीक प्लास्टिकची शिट्टी ओठांत धरायची, फुंकायची आणि पास की नापास सांगायचं, हे काम त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुणावर सोपवलं नव्हतं.

गेली काही वर्षं त्यांच्या उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागाने उच्छाद मांडला होता. ताप यायचा, खोकला यायचा, औषधांनी जायचा, आणि जरा कुठे काका कामाला लागले की परत यायचा. मागच्या आठवड्यात दुर्बीण घालून पाहिलं, तर आतली वाट सुजलेल्या मांसाने बुजलेली. त्या मांसाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल ना धड असा, ना धड तसा. एवढं सगळं झाल्यावर पिल्लूने ठरवलं की तो भाग काढून टाकावा, म्हणजे रोजची कटकट मिटेल आणि मनातली शंकाही मिटेल.

सकाळी ताई काकांना बघायला गेल्या तेव्हा काका पलंगावर पाय सोडून बसले होते आणि शेजारच्या खुर्चीत काकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"झोपवणार तुम्ही, हे समजलं," काका म्हणाले. "आणि कापणार कोण?"

ताई उत्तर देणार तेवढ्यात बाहेरून चुई, चुई, चुई असा आवाज जवळ येत गेला आणि पिल्लू मान वाकवून आत आला. काकांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून, कान देऊन त्यांनी ती चाल शेवटच्या पावलापर्यंत ऐकली.

"डावी ठीक आहे," ते म्हणाले. "उजवीचा आवाज बसका आहे. मी असा माल बाहेर जाऊ दिला नसता."

पिल्लूने सवयीने ऑपरेशनची माहिती द्यायला सुरुवात केली, पण तो उजव्या पायावर भार न टाकता उभा होता हे ताईंच्या नजरेतून सुटलं नाही. त्या काहीतरी शोधायचं निमित्त करून खिडकीकडे वळल्या आणि तोंडावरचं हसू आवरून परत फिरल्या.

ऑपरेशन ठरल्या वेळी सुरू झालं. छातीच्या अशा कामात ताईंना एक कसरत करावी लागते. ज्या फुप्फुसावर काम करायचं ते श्वासाबरोबर खालीवर होत राहिलं तर सर्जनला काहीच करता येत नाही. म्हणून घशातून दुहेरी नळी घालायची. तिची एक वाट डाव्या फुप्फुसाची, दुसरी उजव्याची. मग काम असेल त्या बाजूचा वारा बंद करायचा. ते फुप्फुस हवा गेलेल्या फुग्यासारखं खाली बसतं आणि सगळा संसार दुसऱ्या फुप्फुसावर येतो. ते बिचारं एकट्याच्या बळावर सगळ्या अंगाला ऑक्सिजन पुरवतं आणि ताई त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात.

काकांना झोपवलं, नळी घातली, डाव्या कुशीवर वळवलं. वळवताना नळी किंचित सरकली, ती ताईंनी पुन्हा जागेवर बसवली आणि दुर्बिणीने खात्री केली. सगळं ठाकठीक. पिल्लूने छाती उघडली, उजवं फुप्फुस हळूहळू खाली बसलं, आणि तो खूश होऊन एकेक अवजार मागायला लागला. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याण्णव होता.

थोड्या वेळाने तो पंच्याण्णव झाला. एक फुप्फुस सुट्टीवर गेलं की एवढं चालतं.

मग ब्याण्णव. ताईंनी स्टूल मागे सारून उभं राहायचं ठरवलं.

मग एकोणनव्वद. मॉनिटरची टुकटुक, जी आतापर्यंत वरच्या पट्टीत चालली होती, ती एकेक सूर उतरायला लागली. थिएटरात काम करणाऱ्या माणसाला हा उतरता सूर झोपेतसुद्धा ऐकू येतो. सिस्टरची मान वर झाली. पिल्लूचे हात तसेच थांबले.

"ताई?"

"बघतेय."

ऑक्सिजन आधीच पूर्ण सोडलेला होता, त्यात आणखी वाढवण्यासारखं काही नव्हतं. ऑक्सिजन मोजणारा बोटावरचा चिमटा सुटला नव्हता. मशीनच्या नळ्या घट्ट होत्या, रक्तदाब जागेवर होता. ताईंनी मशीनचा श्वास बंद करून पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि दाबून पाहिली. पिशवी दाबायला जड लागत होती. हवा आत जायला कां कूं करत होती. ताईंनी पिशवी सोडली, हवा बाहेर येऊ दिली.

चुई.

सिस्टर पिल्लूच्या पायांकडे बघायला लागल्या. "डॉक्टर, आता तरी पाय हलवू नका."

"मी हललो नाही."

ताईंनी परत पिशवी दाबली आणि सोडली. चुई.

"हललात," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, मी खांबासारखा उभा आहे."

मॉनिटरवर सत्त्याऐंशी आलं. "पिल्लू, हात बाहेर काढ," त्या म्हणाल्या. "मी उजवं फुगवतेय."

सिस्टरच्या हातात सक्शनची नळी आली.

"ताई, ते आत्ता कुठे नीट खाली बसलंय. मला पाच मिनिटं दे, मी—"

"हात काढ म्हटलं ना."

पिल्लू लहानपणापासून हा स्वर ओळखत होता. या स्वरानंतर वाद घालणाऱ्याचा कान पिरगाळला जायचा, आणि आता तर त्याचे दोन्ही हात निर्जंतुक असल्याने त्याला कान सोडवताही आला नसता. त्याने हात वर घेतले. ताईंनी उजवी वाट उघडली आणि दोन्ही फुप्फुसांना एकदम वारा दिला. छातीच्या जखमेतून उजवं फुप्फुस हळूहळू वर आलं आणि पिल्लूच्या कामाच्या जागेत ऐसपैस पसरलं. आकडा शहाऐंशीवर अडखळला, थांबला, आणि मग नव्वदीकडे चढायला लागला.

चुई.

आता सगळेच पिल्लूच्या पायांकडे बघत होते. त्याच्या सहनशक्तीचा अंत झाला. तो एका चपलेतून पाय काढून मोज्यावर उभा राहिला, मग दुसऱ्या चपलेतून. हात छातीशी जोडून, जमिनीवर कुठे हात टेकायला लागू नये म्हणून तोल सावरत, सहा फुटांचा तो माणूस बगळ्यासारखा डुलत होता. टेक्निशियनने त्या दोन्ही केशरी चपला एका लांब चिमट्याने उचलल्या, दारापर्यंत नेल्या आणि बाहेर ठेवून दार लावून घेतलं.

ताईंनी पिशवी दाबली आणि सोडली.

चुई.

सिस्टरनी सावकाश टेबलावरच्या काकांकडे पाहिलं. टेक्निशियन दारापाशीच उभा राहिला. पिल्लू हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे वाजतायत."

"मलाही तेच वाटतंय," ताई म्हणाल्या.

त्यांनी स्टेथोस्कोप काकांच्या खालच्या, म्हणजे डाव्या कुशीखाली सरकवला. आयुष्यात त्यांनी छातीतले बरेच आवाज ऐकले होते. घरघर, कुरकुर, सूं सूं, काही न ऐकू येणंसुद्धा. पण हा आवाज त्यांना फक्त एका ठिकाणाहून ठाऊक होता, तो म्हणजे भाच्याच्या बाथरूममधून.

"दुर्बीण द्या," त्या म्हणाल्या. "आणि त्यातून जाणारी, वस्तू पकडायची सगळ्यात बारीक जाळीही काढा."

वारा आता उजव्या फुप्फुसावर सुरू होता, त्यामुळे ताईंना डावीकडे बघायला सवड मिळाली. त्यांनी दुर्बीण डाव्या वाटेने खाली सोडली. पडद्यावर नळीची आतली भिंत सरकत गेली, ओली आणि चकचकीत, आणि नळी संपते तिथे, अगदी तोंडाशी, एक पांढरं गोल झाकण बसलेलं दिसलं. झाकणाला मधोमध फट होती. फटीत एक पातळ पापुद्रा होता. श्वास बाहेर आला की झाकण नळीच्या तोंडात येऊन अडकत होतं आणि पापुद्रा थरथरत होता.

पडद्यासमोर सगळे गोळा झाले. पिल्लू मोज्यांवर, हात वर करून, मान लांब करून बघत होता.

"हे शरीरातलं नाही," तो म्हणाला.

"नाही," ताई म्हणाल्या. "हे बदकातलं आहे."

उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. ही शिट्टी काकांच्या उजव्या फुप्फुसात किती वर्षं ठाण मांडून बसली होती कोण जाणे. शरीराने तिच्याभोवती मांस वाढवून तिला झाकून टाकलं होतं. प्लास्टिक असल्याने ती कुठल्या फोटोतही उमटली नव्हती. मागच्या आठवड्यात तपासणीसाठी त्या मांसाचा तुकडा काढला आणि तिची पकड सैल झाली. आज काकांना डाव्या कुशीवर वळवलं, ताईंनी नळी बसवताना क्षणभर नळीला घट्ट धरणारा फुगा सैल केला, तेवढ्यात बाईसाहेब घरंगळत खालच्या फुप्फुसात उतरल्या. तिथून दर श्वासागणिक वर येत येत नळीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. एकट्या फुप्फुसावर सगळा संसार, आणि त्याचं दार आतून कुणीतरी धरून ठेवलेलं. ऑक्सिजन उतरेल नाही तर काय होईल.

जाळी बारीक होती आणि शिट्टी गुळगुळीत. पहिल्यांदा जाळी तिच्यावरून सटकली. दुसऱ्यांदा शिट्टी अर्धवट अडकली आणि ताईंनी ओढताच परत पळाली. आकडा एक्क्याण्णवला होता, चांगला होता, पण त्याच्या भरवशावर निवांत बसण्याइतका चांगला नव्हता.

"ताई, डावीकडून घे," पिल्लू म्हणाला.

"तू आपलं तिकडे बघ."

"थोडी फिरव मग."

"पिल्लू, मी तुला कधी सांगते का टाके कसे घालायचे?"

"रोज सांगतेस."

तिसऱ्या खेपेला जाळी बरोबर बसली. ताईंनी श्वास रोखून दुर्बीण मागे घेतली, इंच इंच, आणि शेवटी ती नळीतून बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला वाटाण्यापेक्षा लहान अशी ती वस्तू लटकत होती. सिस्टरनी पुढे केलेल्या वाटीत ती टिचकन पडली. ताईंनी डावी वाट साफ केली, मशीन लावलं, आणि मॉनिटरची टुकटुक एकेक सूर वर चढत चढत पुन्हा आपल्या जुन्या पट्टीत जाऊन बसली. अठ्ठ्याण्णव. मग नव्व्याण्णव.

टेक्निशियनने भिंतीला पाठ टेकली. आपल्याला तहान लागलीय हे ताईंच्या आत्ता लक्षात आलं.

"आता उजवं बंद करू का?" त्यांनी विचारलं. "तुझं काम राहिलंय."

पिल्लू उघड्या छातीत बघत उभा होता. तिथे उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग, जो कापायला हे सगळे जमले होते, जो मघापर्यंत मळकट आणि आक्रसलेला होता, तो काठाकडून हळूहळू गुलाबी व्हायला लागला होता. मशीनच्या प्रत्येक श्वासाबरोबर त्यातला थोडा थोडा कोपरा उघडत होता. सगळा नाही, पण वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेल्या माणसाने चाचपडत दार उघडावं तसा.

"ताई, हे उघडतंय," तो म्हणाला.

"मग?"

"मग मी कापू काय? वाट बुजली होती ती या शिट्टीमुळे. आता वाटेतला पाहुणा गेला."

"आणि ती शंका?"

"तुकडा पाठवतो, लगेच तपासून फोन करतील. थांबू निकाल येईपर्यंत."

थांबले. छाती उघडी, पेशंट झोपलेला, ताई दोन्ही फुप्फुसांना बेताने वारा देतायत आणि पिल्लू मोज्यांवर उभा, असे सगळे निकालाची वाट बघत राहिले. पायाला फरशी गार लागत असावी, कारण तो एकेक पाय आळीपाळीने वर घेत होता. सिस्टरना दया आली. त्यांनी त्याच्या पायांखाली एक घडी घातलेली चादर सरकवायला लावली. चपला आत आणायचा विषय कुणी काढला नाही.

फोन वाजला. नुसती सूज आहे, वाईट काही नाही, असं पलीकडून सांगितलं. सिस्टरनी ते मोठ्याने सगळ्यांना ऐकवलं.

पिल्लूने एक मोठा सुस्कारा टाकला. त्यात सुटका होती आणि थोडी हळहळही होती. सर्जन माणूस, सकाळपासून पोटभर तयारी करून आलेला, आणि आता नुसते टाके घालून परत जायचं.

"बंद करू या," तो म्हणाला. "आज मी काही केलंच नाही म्हणायचं."

"हात वेळेवर काढलास," ताई म्हणाल्या. "तेवढं पुष्कळ आहे."

दुसऱ्या दिवशी काका उशांना टेकून बसले होते. छाती दुखत होती, पण खोकल्याची उबळ नव्हती. ताई आणि पिल्लू दोघंही गेले. ताईंनी झाकणाच्या छोट्या बाटलीत ती शिट्टी धुऊन आणली होती. काकूंना सगळी हकिगत त्यांनी आदल्या दिवशीच सांगितली होती, पण काकूंनी तेव्हा फक्त मान हलवली होती. आता बाटली बघितल्यावर त्यांना वाचा फुटली.

"म्हणजे पूर्वी रात्री हेच वाजायचं," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, अंथरुणात माल घेऊन येऊ नका. हे म्हणायचे, मी आणलेला नाही. मी उशा उसवून बघितल्या. चांगली घट्ट गादी होती आमची, लग्नातली, ती फेकून दिली मी. नवीन घेतली, तीही वाजायला लागली. दुकानदाराशी भांडून परत केली."

"त्याने परत घेतली?" पिल्लूने विचारलं.

"घेतली. हे तिच्यावर झोपून दाखवायला दुकानात आले होते ना. वाजलीच."

काकांचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी ताईंच्या हातातून बाटली घेतली, झाकण उघडलं, शिट्टी तळहातावर ओतली आणि चष्मा वर सरकवून उलटसुलट करून बघितली. मग सवयीने ती ओठांकडे नेली. तीन माणसं एकदम पुढे झाली. काकूंनी मनगट धरलं, ताईंनी शिट्टी काढून घेतली, पिल्लू नुसताच आडवा उभा राहिला.

"फुंकत नव्हतो," काका म्हणाले. "बघत होतो."

"डोळ्यांनी बघा," काकू म्हणाल्या.

ताईंनी शिट्टी चिमट्यात पकडून त्यांच्यासमोर धरली. काकांनी ती बराच वेळ न्याहाळली. चेहऱ्यावर आधी कुतूहल होतं, मग आदर आला, आणि मग थोडं दुःख.

"ही आमची नाही," ते म्हणाले. "आमचा पापुद्रा इतकी वर्षं टिकत नाही."

मग त्यांना आठवलं. फार पूर्वी खेळण्यांचं मोठं प्रदर्शन होतं. पलीकडच्या स्टॉलवर एका दुसऱ्या कारखानदाराची बदकं होती आणि त्यांच्या आवाजाचा फार बोलबाला झाला होता. काका गर्दीत शिरले, एक सुटी शिट्टी उचलली, तोंडात धरली. तेवढ्यात मालकाने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला. काका दचकले, ठसका लागला, मालकानेच पाठीवर थापट्या मारल्या, पाणी दिलं. शिट्टी पोटात गेली असेल असं धरून काकांनी तो विषय तिथेच सोडला, कारण आधी आपण ती तोंडात का धरली होती हे सांगावं लागलं असतं.

"तो अजून आहे का, तो कारखानदार?" ताईंनी विचारलं.

"आहे. तब्येतीने ठणठणीत आहे." काकांनी चष्मा खाली घेतला. "त्याला फोन करावा म्हणतो. माल चांगला बनवतो असं सांगावं. इतकी वर्षं आम्ही बोलत नव्हतो."

"आधी जेवा," काकू म्हणाल्या, आणि पिशवीतून त्यांनी डबा काढला.

पिल्लूने छातीला नळी लावली होती ती तपासली, पट्टी बघितली, खोल श्वास घ्यायला सांगितलं. काकांनी खोल श्वास घेतला. सगळे कान देऊन ऐकत होते. हवा आत गेली आणि बाहेर आली, एवढंच झालं. काकूंनी ते नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा एकदा घ्यायला लावला.